छेद कोणता, ते आधी विचारा

१९४७ साली दिल्लीत दंगली उसळल्या तेव्हा जिवाच्या भीतीने अनेक कुटुंबांनी लाल किल्ल्यात आसरा घेतला. त्यांना जेवू घालण्याची जबाबदारी सरकारवर आली आणि शिधा पुरवण्याचं काम कंत्राटदारांकडे गेलं. बिलं येऊ लागली, तीही भलतीच मोठी. आत नेमकी माणसं किती, याचा आकडा कुणाकडेच नव्हता आणि त्या वातावरणात आत जाऊन डोकी मोजणं शक्य नव्हतं. म्हणून हे काम सांख्यिकीतज्ज्ञांकडे आलं. त्यांच्या हातात होती फक्त बिलं: इतका तांदूळ, इतकी डाळ, इतकं मीठ.

माणशी रोज किती तांदूळ, किती डाळ, किती मीठ लागतं याचे अंदाज आधीच्या पाहण्यांतून मिळत होते. बिलातल्या एकूण तांदळाला माणशी तांदळाने भागलं की माणसांची संख्या निघते. डाळीवरूनही निघते, मिठावरूनही निघते. बिलं खरी असती तर तिन्ही उत्तरं जवळपास सारखी यायला हवी होती. तांदळावरून निघालेला आकडा सगळ्यात मोठा आला आणि मिठावरून निघालेला सगळ्यात लहान. कारण उघड होतं. तांदूळ महाग, तो फुगवून लिहिला की कंत्राटदाराचे पैसे सुटतात. मीठ इतकं स्वस्त की त्यात खोटं लिहून हाती काही लागत नाही. म्हणून मिठाचा आकडा धरला गेला. हीच रीत हुमायूनच्या मकबऱ्यातल्या लहान छावणीवर लावून पाहिली. तिथली माणसं साधारण माहीत होती आणि मिठाचं उत्तर त्याच्या जवळ आलं. थोर सांख्यिकीतज्ज्ञ सी. आर. राव यांनी ही हकीकत नोंदवून ठेवली आहे.

शाळेत अपूर्णांक शिकताना वरचा तो अंश आणि खालचा तो छेद, हे आपण घोकलं. मोठेपणी आपल्यासमोर जे थक्क करणारे आकडे येतात त्यात अंश ठळक अक्षरात असतो आणि छेद लपलेला असतो. इतके टक्के वाढ, दुप्पट धोका, शंभर टक्के समाधानी ग्राहक. हे टक्के कशाचे, कुणाचे आणि मोजणीतून कोण वगळलं गेलं, एवढं विचारलं की बहुतेक आकड्यांचं आश्चर्य ओसरतं आणि कामाची गोष्ट हाती राहते.

मिठाची युक्ती आजही तशीच्या तशी चालते. चालती खानावळ विकत घेताना विकणारा म्हणतो, रोज ३०० थाळ्या जातात. त्याची वही बघू नका, कारण वहीतला आकडा मोठा असण्यात त्याचा फायदा आहे. ज्या वस्तूचं बिल त्याने तिसऱ्याच माणसाला भरलंय आणि जी फुगवून त्याला काही मिळत नाही, ती शोधा. व्यावसायिक गॅसचा १९ किलोचा सिलिंडर हे चांगलं माप आहे. समजा, तुमच्या ओळखीच्या तशाच खानावळीत एक सिलिंडर १५० थाळ्यांना पुरतो. महिन्याचे २६ दिवस धरले तर ३०० थाळ्यांच्या हिशेबाने ७,८०० थाळ्या आणि ५२ सिलिंडर लागायला हवेत. पावत्या ३१ सिलिंडरच्याच निघाल्या तर थाळ्या ४,६५०, म्हणजे रोज १८० च्या आसपास. इथे फसायला होतं ते एका मापावर विसंबल्यामुळे. पोळ्या बाहेरून बचत गटाकडून येत असतील किंवा भात विजेवर शिजत असेल तर गॅस कमीच दिसणार. म्हणून दुसरं माप घ्या: पिण्याच्या पाण्याचे जार, लोणच्याचे डबे, पार्सलच्या डब्यांची खरेदी. दोन-तीन मापांची उत्तरं जुळली तर बोलणी पुढे न्या. आणि पावत्या किमान बारा महिन्यांच्या मागा, कारण परीक्षेच्या हंगामातली खानावळ आणि मे महिन्यातली खानावळ यांत फार फरक पडतो.

किती सुटतात?

दुकानदारीत छेदाची गफलत रोज होते आणि तिची किंमत रोख पैशांत मोजावी लागते. ८० रुपयांना आणलेली वस्तू १०० ला विकली. सुटले २० रुपये. खरेदीवर हे २५ टक्के झाले, विक्रीवर २० टक्के. वीस रुपये तेच, फक्त खालचा आकडा बदलला. दुकानदार मनाशी “पंचवीस टक्के सुटतात” म्हणतो आणि ग्राहकाला १० टक्के सूट देतो. पंचवीसमधून दहा गेले, पंधरा उरले, असं त्याला वाटतं. पण सूट विक्रीच्या किमतीवर दिली जाते. १०० ची वस्तू ९० ला गेली आणि ८० वजा जाता उरले फक्त १०. नफा निम्म्यावर आला. पूर्वीइतकाच पैसा गल्ल्यात यायचा तर आता दुप्पट नग विकायला हवेत.

किती नग जास्त विकावे लागतील हे ताडून बघायचं सूत्र सोपं आहे. सवलतीचा टक्का घ्या आणि त्याला विक्रीवरचा नफ्याचा टक्का वजा सूट याने भागा. नफा २० टक्के आणि सूट ५ असेल तर ५ भागिले १५, म्हणजे एकतृतीयांश जास्त नग. सूट १० असेल तर दुप्पट. सूट १५ असेल तर १५ भागिले ५, म्हणजे तीनशे टक्के जास्त, म्हणजे आधीच्या चौपट. यात वाढीव हमाली, पिशव्या आणि मालात अडकणारं भांडवल धरलेलं नाही. आता उलट बाजू बघा. किंमत १० टक्क्यांनी वाढवली तर नगामागे ३० सुटतात, म्हणजे दर तीनपैकी एक गिऱ्हाईक गेलं तरी नफा तेवढाच राहतो. छोट्या दुकानदारांनी हा दुसरा आकडा पहिल्यापेक्षाही जास्त वेळा करून बघावा असं मला मनापासून वाटतं, कारण शेजाऱ्याने सवलतीचा बोर्ड लावला म्हणून आपणही लावायचा, या ओढाताणीत कितीतरी चांगली दुकानं बसली आहेत.

सूट देऊच नये असं नाही. पडून राहिलेला माल, संध्याकाळची भाजी, हंगाम संपत आलेला स्वेटर यांच्यात घातलेले ८० रुपये आधीच गेलेले असतात. तिथे प्रश्न नफ्याचा नसतो, जे मिळेल ते सोडवून घेण्याचा असतो.

जीएसटीचंही असंच. १,१८० च्या बिलात १८ टक्के कर धरलेला आहे, तर मूळ किंमत किती? अनेकजण १,१८० मधून सरळ १८ टक्के कापतात आणि ९६७ रुपये ६० पैसे काढतात. पण कर मूळ किमतीवर लागलेला आहे, बेरजेवर नाही. १,१८० ला १.१८ ने भागायचं, उत्तर बरोबर १,०००. प्रत्येक बिलामागे ३२ रुपये ४० पैशांची चूक, आणि दर काढून देताना ती महिनाभर झाली तर कुठे गळतंय हेच कळत नाही. गुंतवणुकीतही हेच होतं. शंभराचे पन्नास झाले की ५० टक्के तोटा, पण पन्नासाचे पुन्हा शंभर व्हायला १०० टक्के वाढ लागते, कारण आता छेद पन्नास आहे.

आणखी एक चूक वाहनवाल्यांच्या घरातली. गाडी किती अ‍ॅव्हरेज देते, म्हणजे लिटरमागे किती किलोमीटर जाते, हे आपण विचारतो. समजा, एका धंद्यात एक ट्रक आहे, तो लिटरला ४ किलोमीटर जातो. एक कार आहे, ती १५ जाते. देखभाल करून ट्रकचं अ‍ॅव्हरेज ४ वरून ५ करता येईल किंवा कार बदलून तिचं १५ वरून २५ करता येईल. पैसे एकाच कामाला आहेत आणि दोन्ही गाड्या सारख्याच पळतात. बहुतेकजण कारकडे बोट दाखवतात, कारण १० ची वाढ १ पेक्षा मोठी दिसते. हजार किलोमीटरचा हिशेब करा. ट्रकला २५० लिटर लागत होते, आता २०० लागतील. वाचले ५०. कारला ६६.७ लागत होते, आता ४० लागतील. वाचले २६.७. ड्यूक विद्यापीठातल्या रिचर्ड लॅरिक आणि जॅक सॉल यांनी २००८ मध्ये हा भ्रम प्रयोगांतून दाखवून दिला. उपाय एकच: अपूर्णांक उलटा करा. खर्च लिटरचा होतो, म्हणून लिटर वर हवेत आणि किलोमीटर खाली. युरोपात गाडीचा खप शंभर किलोमीटरला किती लिटर असाच सांगतात. ताफा सांभाळणाऱ्यांनी डिझेलच्या वहीत हा एक रकाना वाढवला तर कोणती गाडी आधी दुरुस्तीला घ्यायची याचं उत्तर बरेचदा बदलतं.

बस्ता बांधणारे आणि नुसते बघणारे

१९७३ साली अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथे पदव्युत्तर प्रवेशासाठी ८,४४२ पुरुषांनी आणि ४,३२१ स्त्रियांनी अर्ज केले. पुरुषांतल्या ४४ टक्के अर्जदारांना प्रवेश मिळाला, स्त्रियांतल्या ३५ टक्के. इतक्या मोठ्या संख्येत नऊ टक्क्यांचा फरक योगायोगाने पडत नाही. मग कोणता विभाग स्त्रियांना डावलतो हे शोधायला पीटर बिकेल आणि त्यांचे सहकारी एकेका विभागाचे आकडे बघू लागले आणि चित्रच पालटलं. सगळ्यात मोठ्या सहा विभागांपैकी चारांमध्ये स्त्रियांचा प्रवेशाचा टक्का पुरुषांपेक्षा जास्त होता. पहिल्या विभागात तर स्त्रिया ८२ टक्के आणि पुरुष ६२ टक्के.

मग एकूण टक्का उलटा कसा? पहिल्या दोन विभागांत प्रवेश सोपा होता, साठ टक्क्यांच्या वर. या सहा विभागांतल्या २,६९१ पुरुषांपैकी १,३८५ जणांनी, म्हणजे निम्म्याहून जास्त पुरुषांनी, त्या दोन विभागांत अर्ज केले होते. १,८३५ स्त्रियांपैकी तिथे अर्ज होते फक्त १३३. उरलेल्या स्त्रिया अशा विभागांकडे गेल्या जिथे जागा कमी आणि अर्ज फार, त्यातल्या शेवटच्यात तर शंभरातले सहा-सात जणच आत जात होते. छेदात कोण आहे हे न बघता बेरीज केली आणि निष्कर्ष उलटा आला. सांख्यिकीत याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. यावरून अन्याय नव्हताच असं मात्र म्हणता येत नाही. मुलींना लहानपणापासून ठराविक विषयांकडे वळवलं जातं आणि त्या विषयांना पैसा कमी मिळतो, हा प्रश्न उरतोच. अभ्यासकांनीही तो मांडला होता. आकड्यांनी फक्त एवढं सांगितलं की दोष प्रवेश समितीच्या टेबलावर शोधू नका, त्याच्या बराच आधी शोधा.

आता हेच साड्यांच्या दुकानात बघू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. दोन विक्रेते आहेत, दोघांकडे महिन्यात शंभर-शंभर गिऱ्हाइकं आली. जुन्या विक्रेत्याने ७६ जणांना माल विकला, नव्या मुलीने ४३ जणांना. मालक म्हणेल, नवीन मुलीला जमत नाही. पण गिऱ्हाइकं दोन जातीची आहेत. लग्नाचा बस्ता बांधायला आलेलं कुटुंब घेऊनच जातं. सहज डोकावणारं बरेचदा बघून जातं. बस्त्याची मंडळी दारातून आली की जुना माणूस पुढे होतो, गादीवर बसवतो, चहा सांगतो. त्याच्याकडे ८० बस्त्याची गिऱ्हाइकं आली, ७२ ना माल गेला, म्हणजे ९० टक्के. सुट्या २० पैकी ४, म्हणजे २० टक्के. नव्या मुलीकडे बस्त्याची फक्त २० आली, त्यातल्या १९ नी घेतलं, ९५ टक्के. सुटी ८० आली, त्यातल्या २४ नी घेतलं, ३० टक्के. दोन्ही प्रकारांत ती वरचढ आहे, आणि एकूण आकड्यात तीच मागे दिसते. बढती चुकीच्या माणसाला मिळणार आणि कामाची मुलगी दुसरं दुकान गाठणार.

यात एक मेख आहे. गट पाडावेत, पण कोणत्याही गोष्टीवरून नाही. विक्रेत्याच्या हातात नसलेल्या, गिऱ्हाईक दारात येण्याआधीच ठरलेल्या गोष्टीवरून पाडावेत: बस्ता की सुटं, सणाचा दिवस की साधा, जुनं गिऱ्हाईक की नवं. ज्यांनी साडी अंगावर लावून बघितली त्यांच्यातले किती, असा गट पाडला तर फसाल. गिऱ्हाइकाला साडी अंगावर लावायला लावणं हेच तर विक्रेत्याचं कौशल्य, आणि तेच तुम्ही हिशेबातून काढून टाकलंत. डॉक्टर, शाळा, कुरिअर कंपन्या यांची तुलना करतानाही हीच कसोटी लावायची. अवघड रुग्ण घेणाऱ्या डॉक्टरचा यशाचा टक्का कमी दिसतो, तेव्हा आधी रुग्ण कसे होते ते विचारावं.

जे परत आलेच नाहीत

दुसऱ्या महायुद्धात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सांख्यिकी संशोधकांचा एक गट लष्करासाठी काम करत होता. त्यात अब्राहम वाल्ड होते. मोहिमेवरून परतलेल्या विमानांवर गोळ्यांची छिद्रं कुठे आहेत याच्या नोंदींवरून विमानाचा कोणता भाग सगळ्यात नाजूक, हे काढण्याची पद्धत त्यांनी १९४३ मध्ये लिहिली. साध्या डोळ्यांना वाटतं, जिथे छिद्रं जास्त तिथे पत्रा जाड करा. वाल्ड यांचा तर्क उलटा होता. शत्रूच्या गोळ्या निवडून लागत नाहीत, त्या सगळीकडे सारख्याच लागत असणार. मग परतलेल्या विमानांच्या इंजिनाभोवती छिद्रं कमी का? कारण तिथे गोळी लागलेली विमानं परत आलीच नाहीत. छेदात फक्त परतलेली विमानं होती. हेच वाल्ड डिसेंबर १९५० मध्ये व्याख्यानांसाठी भारतात आले असताना निलगिरीच्या डोंगरांत विमान कोसळून गेले. वय अवघं ४८.

परत न आलेल्यांचा हिशेब आज सगळ्यात जास्त गरजेचा आहे तो शेअर बाजारात. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये फ्युचर्स आणि ऑप्शन्समधल्या, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावर केलेल्या सौद्यांमधल्या, वैयक्तिक व्यवहारांचा अभ्यास जाहीर केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत असे व्यवहार करणारे एक कोटीहून जास्त लोक होते आणि त्यातले ९३ टक्के तोट्यात होते. खर्च धरून सरासरी तोटा माणशी सुमारे दोन लाख रुपये, सगळ्यांचा मिळून १.८ लाख कोटींच्या वर. एक लाखाहून जास्त नफा कमावणारे जेमतेम एक टक्का. पुढच्या वर्षी, २०२४-२५ मध्येही, ९१ टक्के तोट्यातच होते.

तरीही मोबाइलवर नफ्याचे स्क्रीनशॉट येतच राहतात, आणि त्यातले पुष्कळ खरेही असतात. एक कोटीतले सात टक्के म्हणजे सात लाख माणसं. एवढी माणसं बोलायला लागली की कान भरून जातात. तोट्यातली त्र्याण्णव लाख गप्प असतात, कितीकांनी घरीही सांगितलेलं नसतं. नशिबाचा भागही मोजून बघा. एक कोटी लोकांनी दहा-दहा वेळा नाणं उडवलं तर लागोपाठ दहा छापे पडणारे साधारण ९,७६५ निघतील. त्यांना नाणं उडवण्याचं काही विशेष येत असतं असं नाही, पण त्यातला एखादा शिकवणी काढू शकतो. म्हणून शिकवणाऱ्याला स्वतःचे चांगले महिने विचारू नका. तीन वर्षांचं करविवरणपत्र आणि त्याच्याकडे शिकलेल्या सगळ्यांची यादी मागा, निवडक दहांची नको.

शाळा सोडून मोठ्या झालेल्या उद्योजकांच्या गोष्टी, एकाच औषधी काढ्याने बऱ्या झालेल्यांचे व्हिडिओ, या सगळ्याला एकच प्रश्न पुरतो: परत न आलेले किती?

दुप्पट धोका आणि लाल अक्षरातला रिपोर्ट

ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने डॉक्टरांना कळवलं की काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताची गुठळी होण्याचा धोका जुन्या गोळ्यांच्या दुप्पट आहे. बातम्यांत ‘दुप्पट’ हा शब्द गेला. घाबरून असंख्य बायकांनी गोळ्या सोडल्या. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात जास्त झाले असा अंदाज आहे. दुप्पट म्हणजे किती, तर जुन्या गोळ्यांवर सात हजारांत एकीला आणि नव्यांवर सात हजारांत दोघींना. गर्भारपणात गुठळीचा धोका याहूनही जास्त असतो. ‘सात हजारांत एक जास्त’ असं छापलं असतं तर यातली कितीतरी घरं या दुःखातून वाचली असती. औषधाबद्दल, आहाराबद्दल ‘अमुक पट’ असं वाचलं की डॉक्टरांना एवढंच विचारा: माझ्यासारख्या हजार जणींमध्ये आधी किती, आता किती?

तपासणीच्या रिपोर्टमध्ये हीच चूक उलट्या दिशेने होते. १९७८ मध्ये हार्वर्डच्या वैद्यकीय विद्यार्थी आणि डॉक्टरांसह साठ जणांना एक प्रश्न विचारला गेला. एक आजार हजारात एकाला आहे. तपासणी निरोगी माणसांतल्या पाच टक्क्यांना चुकून पॉझिटिव्ह दाखवते. एकाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, त्याला खरंच आजार असण्याची शक्यता किती? सर्वाधिक लोकांनी ९५ टक्के सांगितलं. साठांपैकी बरोबर उत्तर देणारे निघाले अकरा. टक्के सोडून माणसं मोजा. हजारात एक खरा आजारी, तो सापडला असं धरू. उरलेल्या ९९९ निरोग्यांतले पाच टक्के, म्हणजे सुमारे पन्नास, चुकून पॉझिटिव्ह. एकूण पॉझिटिव्ह एक्कावन्न, त्यातला आजारी एक. शक्यता दोन टक्क्यांच्या आसपास.

घरपोच ‘फुल बॉडी चेकअप’ घेणाऱ्यांनी आणखी एक हिशेब ध्यानात ठेवावा. रिपोर्टमधली ‘नॉर्मल’ मर्यादा बहुतेकदा अशी आखलेली असते की निरोगी लोकांतले ९५ टक्के तिच्या आत बसतील. म्हणजे पूर्ण धडधाकट माणसाचाही एखादा आकडा शंभरात पाच वेळा बाहेर जाणार. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या केल्या तर सगळ्या आत येण्याची शक्यता ०.९५ चा विसावा घात, म्हणजे फक्त ३६ टक्के. तीन निरोगी माणसांतल्या साधारण दोघांच्या रिपोर्टवर काहीतरी ठळक होऊन येणारच. आकडा किंचित बाहेर असेल आणि त्रास काही नसेल तर घाबरून पुढच्या दहा तपासण्या लावू नयेत. डॉक्टरांना दाखवून, त्यांनी सांगितलेल्या अंतराने तीच एक तपासणी पुन्हा करावी. लक्षणं असतील तर मात्र गोष्ट वेगळी. छातीत दुखतंय म्हणून डॉक्टरांनी पाठवलेला माणूस हजारातला कुणीही एक नसतो. त्याच्यासारख्यांत आजार मुळातच जास्त असतो, म्हणजे छेदच बदलतो, आणि तोच पॉझिटिव्ह रिपोर्ट तिथे फार गांभीर्याने घ्यावा लागतो.

चारपैकी चार

छेद लहान असला की टक्के उड्या मारतात. ऑनलाइन दोन विक्रेते दिसतात: एकाची चारपैकी चार मतं चांगली, दुसऱ्याची दोनशेपैकी १८०. शंभर टक्के विरुद्ध नव्वद. यावर लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाच्या नावाने ओळखली जाणारी जुनी रीत आहे: अंशात एक मिळवा, छेदात दोन मिळवा. पहिला झाला सहापैकी पाच, म्हणजे ८३ टक्के. दुसरा २०२ पैकी १८१, म्हणजे जवळजवळ ९० टक्के. माल दुसऱ्याकडून मागवा. ही मिळवणूक म्हणजे एक कल्पित खूश ग्राहक आणि एक कल्पित नाराज ग्राहक. मतं थोडी असतील तर ते दोघे आकड्याला पन्नास टक्क्यांकडे ओढतात, मतं भरपूर झाली की त्यांचा प्रभाव आपोआप उरत नाही.

आपल्याच धंद्यात जेव्हा ‘एकही तक्रार नाही’ असा आकडा येतो तेव्हा तीनचा नियम लावावा. तक्रारी शून्य असतील तर तीनला एकूण ऑर्डरींनी भागा. खरं प्रमाण कमाल तेवढं असू शकतं, याची ९५ टक्के खात्री धरता येते. नियम चालायला ऑर्डरी किमान तीस हव्यात आणि सगळ्या तक्रारी तुमच्यापर्यंत पोचत असायला हव्यात. घरगुती दिवाळी फराळाचे तीस डबे कुरिअरने गेले आणि एकही फुटला नाही, म्हणून पॅकिंग पक्कं झालं असं धरून पुढच्या वर्षी ५०० डब्यांचे पैसे आधी घेतले जातात. तीन भागिले तीस म्हणजे दहा टक्के. पाचशेतले पन्नास डबे फुटण्याइतकी जागा अजून त्या ‘शून्या’त शिल्लक आहे. तेवढ्या चकल्या पुन्हा तळून, पुन्हा पाठवण्याचा खर्च दरात धरलेला नसेल तर सगळ्या फराळाचा नफा तिथेच संपतो. शंभरात एकाहून जास्त फुटत नाहीत असं छातीठोक सांगायचं असेल, तर न फुटता पोचलेले डबे तीनशे मोजावे लागतील.